जुनं मेंडोलिन घेताना आपण नक्की काय घेतो?

जुन्या वाद्यांच्या किमतींचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. हातभर लांबीचं, आठ तारांचं, शंभर वर्षांपूर्वीचं मेंडोलिन, आणि त्याला कोटभर रुपये? ते खरोखर तेवढं चांगलं वाजतं का?

या एका प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. किंमत कशावर ठरते हा एक, आणि आवाज कशावर ठरतो हा दुसरा. वर्षानुवर्षं एखाद्या जुन्या वाद्याच्या मागे असलेला माणूस बहुतेक वेळा इथेच फसतो. आवाजाच्या ओढीने तो निघतो आणि पैसे मात्र भलत्याच गोष्टीचे मोजतो. म्हणून या प्रकरणात हे दोन्ही धागे वेगळे करून पाहू. उदाहरण घेऊ जुन्या मेंडोलिनांमधल्या सर्वांत मानाच्या वाद्याचं, म्हणजे १९२२ ते १९२४ या काळात अमेरिकेत तयार झालेल्या गिब्सन एफ-५चं.

१. न खपलेलं वाद्य

मेंडोलिन मूळचं इटलीचं. नेपल्समध्ये विनाच्चिया घराण्याने अठराव्या शतकात त्याला नाव मिळवून दिलं. त्या मेंडोलिनाचं पोट खोलगट असे, लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून आणि एकमेकींना चिकटवून केलेलं. अमेरिकेतल्या कॅलामझू गावी ऑर्व्हिल गिब्सन नावाच्या कारागिराने ही पद्धतच सोडून दिली. व्हायोलिनाप्रमाणे समोरची आणि मागची फळी जाड लाकडातून कोरून काढायची, तिला बाहेरून फुगवटा ठेवायचा आणि पोट चपटं करायचं, अशी त्याची रचना होती. तिचं पेटंट त्याला १८९८ मध्ये मिळालं आणि १९०२ मध्ये त्याच्या नावाने कंपनी उभी राहिली.

त्या काळी अमेरिकेत गावोगावी मेंडोलिन क्लब होते. कंपनी संगीत शिक्षकांनाच एजंट नेमायची आणि शिक्षक विद्यार्थ्यांना हप्त्यांवर वाद्यं विकायचे. धंदा तेजीत होता. पहिल्या महायुद्धानंतर मात्र वारं फिरलं. जॅझ आलं, नाचाचे बँड आले आणि त्या गोंगाटात ऐकू जाणाऱ्या बँजोला मागणी वाढली. मेंडोलिनाचा खप घसरू लागला.

१९१९ मध्ये लॉइड लोअर कंपनीत आला. तो स्वतः मेंडोलिनाचा कार्यक्रम करणारा वादक होता आणि ध्वनिशास्त्राचा त्याला नाद होता. त्याच्या देखरेखीखाली १९२२ मध्ये एफ-५ बाजारात आलं. किंमत सुमारे २५० डॉलर, म्हणजे त्या काळी चांगलीच. पण मेंडोलिनाची हौसच ओसरली होती. गिऱ्हाईक फारसं मिळालं नाही आणि १९२४ संपता संपता लोअरने कंपनी सोडली. त्याच्या सहीची एफ-५ तयार झाली ती अवघी काही शे.

म्हणजे आज ज्या दुर्मिळतेला एवढा भाव आहे, ती आली माल न खपल्यामुळे. वाद्य हातोहात विकलं गेलं असतं तर हजारोंनी तयार झालं असतं आणि आज इतकं महाग राहिलं नसतं.

पण नुसत्या दुर्मिळतेने किंमत येत नाही. न खपलेल्या वस्तू जगात पुष्कळ आहेत, त्यांना कोणी विचारत नाही. दुर्मिळ वस्तू कोणाला तरी हवीही असावी लागते. एफ-५च्या बाबतीत ती मागणी एका माणसामुळे निर्माण झाली. केंटकीचा मेंडोलिनवादक बिल मन्रो १९४०च्या दशकात फ्लोरिडात असताना एका केशकर्तनालयात विकायला ठेवलेलं एफ-५ त्याच्या नजरेस पडलं. दीडशे डॉलर देऊन त्याने ते घेतलं. आतल्या चिठ्ठीवर तारीख होती ९ जुलै १९२३, आणि क्रमांक ७३९८७. पुढे त्याच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या बँडच्या नावावरूनच ब्लूग्रास हा संगीतप्रकार ओळखला जाऊ लागला. ब्लूग्रास वाजवणाऱ्या प्रत्येक मेंडोलिनवादकाला मन्रोसारखा आवाज हवा होता, आणि तो आवाज ज्या वाद्यातून निघत होता तशी वाद्यं मोजकीच होती.

२. लोअरच्या वाद्यात वेगळं काय होतं?

आधी मेंडोलिन वाजतं कसं ते पाहू. तार बारीक असते, तिला फारशी हवा हलवता येत नाही. तारेचं कंपन घोडीतून वरच्या फळीत उतरतं. सतारीत जिला तबली म्हणतात, तेच काम इथे ही फळी करते. फळी हलते, तिच्याबरोबर आतली आणि बाहेरची हवा हलते, आणि आपल्याला आवाज ऐकू येतो.

या फळीवर भार किती असतो याचा हिशोब करून पाहू. मेंडोलिनाच्या आठ तारा सुरात लावल्या की त्यांचा एकूण ताण ७० ते ८० किलोंच्या घरात जातो. तारा घोडीवरून किंचित वळून खाली उतरतात, त्यामुळे या ताणाचा पाव हिश्श्याच्या आसपास भाग घोडीतून सरळ खाली दाबतो. ताण ८० किलो धरला तर सुमारे २० किलो वजन कायमचं फळीच्या मध्यावर बसलेलं असतं. फळी जाड ठेवली तर भार पेलेल, पण हलणार नाही. पातळ केली तर छान हलेल, पण काही वर्षांत खचेल. या दोहोंच्या मधली जागा शोधणं हीच वाद्य घडवणाऱ्याची कसोटी. फुगवट्यामुळे पातळ फळीलाही बळ येतं. एफ-५ची स्प्रूस लाकडाची फळी मध्यभागी साधारण साडेचार मिलिमीटर असते आणि कडेकडे तीनच्या आसपास उतरते. तिच्या खाली दोन लाकडी पट्ट्या लांबीला चिकटवलेल्या असतात.

लोअरच्या काळातले ठळक बदल दोन. फळीवरचं लंबगोल छिद्र जाऊन त्या जागी व्हायोलिनासारखी इंग्रजी एफ अक्षराच्या आकाराची दोन छिद्रं आली. आणि दांडी लांब झाली. हा दुसरा बदल आकड्यांत पाहिला की लगेच समजतो.

दांडीच्या टोकापासून घोडीपर्यंत तारेची लांबी सुमारे ३५२ मिलिमीटर असते. बारावा पडदा बरोबर निम्म्यावर येतो, म्हणजे घोडीपासून १७६ मिलिमीटरवर. एफ-५च्या आधीच्या एफ-४ या मेंडोलिनात दांडी बाराव्या पडद्यापाशी अंगाला मिळत असे, त्यामुळे घोडी अंगाच्या सुरुवातीपासून १७६ मिलिमीटर आत जाई, फळीच्या पार खालच्या भागात. एफ-५ मध्ये दांडी पंधराव्या पडद्यापाशी मिळते. पंधरावा पडदा घोडीपासून सुमारे १४८ मिलिमीटरवर येतो. १७६ मधून १४८ वजा केले तर उरतात २८. घोडी जवळजवळ तीन सेंटिमीटर वर सरकली आणि फळीच्या सर्वांत मोकळ्या भागाजवळ येऊन बसली. आवाज मोठा झाला, स्पष्ट झाला आणि लवकर उठू लागला.

या सुधारणा कोणत्याही चांगल्या कारागिराला करता येतात, आणि आज अनेक जण करतातही. ऑस्ट्रेलियातला स्टीव्ह गिलख्रिस्ट किंवा अमेरिकेतला जॉन मॉन्टेलिओन यांच्या मेंडोलिनांना जाणकारांत मोठा मान आहे. मग शंभर वर्षं जुनंच का हवं?

३. जुनं लाकूड चांगलं वाजतं का?

याचं उत्तर अर्धं होकारार्थी आहे. लाकूड जुनं होतं तसे त्यातले काही घटक हळूहळू विघटित होतात. लाकूड हलकं होतं आणि हवेतला ओलावा कमी शोषू लागतं. हलकी पण ताठ फळी आवाजाला चांगलीच. पण मुळात वाईट कोरलेली फळी केवळ वयामुळे सुधारत नाही. शंभर वर्षांपूर्वीही सुमार वाद्यं बनतच होती. त्यांतली बरीच मोडली, अडगळीत गेली, आणि चांगली वाद्यं लोकांनी जपली. म्हणून आज आपल्यासमोर येणाऱ्या जुन्या वाद्यांत चांगल्यांचं प्रमाण जास्त दिसतं. ते श्रेय वयाइतकंच निवडीचंही आहे.

आणि ‘मला फरक कळतो’ या खात्रीचं काय? त्याची परीक्षा व्हायोलिनावर झाली आहे. २०१० मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या वेळी क्लॉडिया फ्रिट्झ, व्हायोलिन घडवणारे जोसेफ कर्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ वादकांसमोर सहा व्हायोलिनं ठेवली. तीन नवी आणि तीन जुन्या नामांकित कारागिरांची, म्हणजे दोन स्ट्राडिवारीची आणि एक ग्वार्नेरीचं. हॉटेलच्या खोलीत उजेड मंद केला, वादकांच्या डोळ्यांवर वेल्डिंगचे काळे गॉगल चढवले आणि जुन्या लाकडाचा वास ओळखू येऊ नये म्हणून हनुवटीच्या पट्टीखाली अत्तराचा थेंब लावला. घरी कोणतं न्यायला आवडेल, असं विचारल्यावर बहुतेकांनी नवं व्हायोलिन निवडलं. सगळ्यांत कमी पसंती मिळाली ती एका स्ट्राडिवारीला. दोन वर्षांनी पॅरिसमध्ये नामांकित एकलवादकांना घेऊन अशीच चाचणी झाली, तेव्हा दहापैकी सहांनी नव्या वाद्याला कौल दिला.

यावरून जुनी वाद्यं वाईट ठरत नाहीत. पण आवाजाचा कौल कानांनी द्यायचा आणि तो देताना चिठ्ठीवरचं नाव झाकून ठेवायचं, एवढं यातून नक्की घेता येतं. मेंडोलिन पाहायला जाताना बरोबर एक वाजवणारा मित्र न्यावा. आपण पाठ फिरवून बसावं आणि त्याला दुकानातली तीन-चार वाद्यं आलटून पालटून वाजवायला सांगावं. कोटभराच्या वाद्याची ही पहिली परीक्षा फुकटात होते.

४. अस्सल की नक्कल?

आवाजाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी किमतीचा प्रश्न उरतोच, आणि किंमत अस्सलपणावर ठरते. लोअरच्या काळातल्या एफ-५च्या पोटात दोन चिठ्ठ्या असतात. एका छिद्रातून डोकावलं की वाद्याचा प्रकार आणि क्रमांक दिसतो. दुसऱ्यातून लोअरच्या सहीची चिठ्ठी दिसते. या वाद्याची फळी, पाठ आणि आतली पोकळी तपासून मंजूर केली आहे, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर असतो, खाली तारीख असते.

चिठ्ठी म्हणजे वाद्याचा सातबारा. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून कोणी डोळे झाकून जमीन घेत नाही. फेरफार पाहतो, गट नंबर जागेशी जुळतो का ते पाहतो, बांधावर जाऊन येतो. इथेही तसंच करायचं. कागदावरची प्रत्येक गोष्ट वाद्याशी आणि एकमेकींशी ताडून पाहायची.

एक सोपं उदाहरण. लोअरच्या सहीच्या एफ-५चे क्रमांक साधारण ७०,००० ते ८०,००० या टप्प्यात येतात आणि तारखेबरोबर वाढत जातात. जुलै १९२३ मधले क्रमांक ७४ हजारांच्या आसपास आहेत. डिसेंबर १९२४ मधले ८० हजारांना टेकलेले आहेत. समजा एखाद्या वाद्यात सहीच्या चिठ्ठीवर जुलै १९२३ आहे आणि क्रमांक मात्र ७९ हजारांतला आहे. दोन्ही चिठ्ठ्या जुन्या कागदाच्या असतील, शाईही जुनी दिसत असेल. तरी यांतली एक चिठ्ठी तरी दुसऱ्या वाद्यातून आली आहे किंवा नव्याने केली आहे, असा संशय घ्यावाच लागतो.

पुढची साक्ष लाकडाची. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढतं. पावसाळी वर्षाचं रुंद, कोरड्या वर्षाचं अरुंद. त्यामुळे एका प्रदेशातल्या झाडांवर रुंद-अरुंद वलयांचा सारखाच क्रम उमटतो. वाद्याच्या फळीवरचा क्रम जुन्या नोंदींशी जुळवला की सर्वांत शेवटचं वलय कोणत्या वर्षाचं ते सांगता येतं. ‘मसाया’ नावाच्या प्रसिद्ध स्ट्राडिवारी व्हायोलिनावर १७१६ ची चिठ्ठी आहे. त्याच्या अस्सलपणावर शंका आली तेव्हा वलयं तपासली गेली, आणि शेवटचं वलय १६८०च्या दशकातलं निघालं. पण ही साक्ष एकाच बाजूने चालते. फळीवर चिठ्ठीच्या तारखेनंतरचं वलय सापडलं तर वाद्य त्या तारखेचं नाही हे सिद्ध होतं. त्याआधीचं सापडलं तर फक्त शक्यता शिल्लक राहते, कारण जुनं लाकूड कुणालाही वापरता येतं.

तिसरी साक्ष रंगाची. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली वाद्य धरलं की जुनं वॉर्निश एका तऱ्हेने चमकतं आणि नंतर मारलेला थर वेगळा दिसतो. दिवसाउजेडी एकसंध दिसणारी पाठ त्या प्रकाशात ठिगळं लावल्यासारखी उघडी पडते.

५. हातात घेतल्यावर काय पाहायचं?

अस्सल वाद्यही आजारी असू शकतं. पेटी उघडल्यावर लगेच वाजवायला घेऊ नये. आधी वाद्य आडवं धरून दांडीच्या टोकाकडून घोडीकडे एका डोळ्याने पाहावं. पडद्यांच्या कडा सरळ रेषेत दिसल्या पाहिजेत. मग तार पहिल्या पडद्यावर आणि दांडी अंगाला मिळते तिथल्या पडद्यावर एकाच वेळी दाबावी आणि सातव्या पडद्यापाशी तारेखाली फट किती आहे ते पाहावं. केसभर फट असावी. नखभर असेल तर दांडी ताणाखाली वाकली आहे. १९२०च्या दशकात गिब्सनच्या थॅडियस मॅकह्यूने दांडीत लोखंडी सळई बसवून ती स्क्रूने घट्ट-सैल करण्याची सोय केली. अशी सळई असलेल्या वाद्याची वाकलेली दांडी बऱ्याचदा सरळ करता येते. त्याआधीच्या वाद्यांत ते काम मोठं आणि खर्चाचं असतं.

त्यानंतर घोडीच्या दोन्ही बाजूंची फळी पाहावी. फुगवटा खचलेला असेल तर तिरप्या उजेडात खळगा दिसतो. दंतवैद्याचा छोटा आरसा आणि बारीक टॉर्च छिद्रातून आत घालून खालच्या पट्ट्या पाहाव्यात. बोटाच्या पेराने फळीवर ठिकठिकाणी हलकेच टकटक करावी. कुठे खरखर ऐकू आली तर आत पट्टी सुटली आहे किंवा चीर आहे. जुनी वाद्यं सरसाने जोडलेली असतात. सरस ऊब आणि ओलावा लागला की सुटतो. हा त्याचा गुण आहे, कारण त्यामुळेच दुरुस्तीला वाद्य न मोडता उघडता येतं.

दुरुस्तीचा खर्च किमतीत धरायचा असतो. समजा, एक जुनं मेंडोलिन १,८०० डॉलरला मिळतं आहे. पडदे बदलायला ३५० डॉलर, चीर सांधायला २००, घोडी आणि तारा लावून वाजतं करायला १००. एकूण झाले २,४५०. शेजारी तसंच दुसरं वाजवण्याजोगं मेंडोलिन २,३०० ला आहे. स्वस्त दिसणारं पहिलं वाद्य खरं तर दीडशे डॉलरने महाग आहे, शिवाय दुरुस्ती मनासारखी होईल याची हमी नाही. तुलना करायची ती मागितलेल्या किमतींची नव्हे, वाजवण्याजोग्या किमतींची.

इथे किंमत आणि आवाज यांची पुन्हा फारकत होते. जुन्या वाद्यांच्या व्यापारात ढोबळ नियम असा, की मूळ रंग खरवडून पुन्हा पॉलिश केलेल्या वाद्याला जवळजवळ निम्मा भाव येतो. आवाज निम्मा होत नाही. चांगल्या हाताने पॉलिश केलं असेल तर कानाला फरक जाणवतही नाही. संग्राहकाला हे वाद्य नको असतं, वादकाला मात्र असंच वाद्य परवडतं.

या नियमाला अपवाद आहे, तो मन्रोच्याच मेंडोलिनाचा. दुरुस्तीला पाठवलेलं वाद्य मनासारखं होऊन आलं नाही म्हणून रागाच्या भरात त्याने खिशातल्या चाकूने डोक्यावरचं गिब्सन हे नाव खरवडून काढलं. १९८५ मध्ये कोणीतरी त्याच्या घरात शिरून शेकोटीच्या सळईने ते मेंडोलिन फोडलं. गिब्सनच्या चार्ली डेरिंग्टनने तुकडा तुकडा जुळवून ते पुन्हा उभं केलं. असं खरवडलेलं, फुटलेलं, सांधलेलं वाद्य आता नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये आहे, आणि त्याची किंमत दहा लाख डॉलरच्या पुढे ठरली. ही किंमत ते कोणाच्या हातात होतं याची. दुसऱ्या कोणत्याही एफ-५वर असे घाव असते तर त्याचा भाव कोसळला असता.

६. ही गुंतवणूक आहे का?

विक्रेता म्हणेल, “अडीचशे डॉलरचं वाद्य आज सव्वा लाखाला जातं. यापेक्षा चांगली गुंतवणूक कुठली?” ऐकायला मोठं वाटतं. हिशोब करून पाहू.

अडीचशेचे दुप्पट पाचशे. मग हजार, दोन हजार, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट आणि एक लाख अठ्ठावीस हजार. एकूण नऊ वेळा दुप्पट. ही वाढ शंभर वर्षांत झाली, म्हणजे सरासरी दर अकरा वर्षांनी दुप्पट. ७२ ला ११ ने भागलं की चक्रवाढीचा ढोबळ दर मिळतो, साडेसहा टक्के. आपल्याकडच्या मुदत ठेवीवर कित्येक वर्षं एवढं व्याज मिळत आलं आहे. त्यात विमा, दुरुस्ती आणि विकताना मध्यस्थाचं कमिशन धरलं तर दर आणखी खाली येतो. वाढ सरळ रेषेतही झाली नाही. पहिली वीसेक वर्षं भाव वर गेलाच नाही. मन्रोला वाद्य मूळ किमतीपेक्षा शंभर डॉलर कमी देऊन मिळालं, ते त्यामुळेच.

वर्षानुवर्षं शोधणाऱ्याची अडचण निराळीच असते. हवं ते समोर आलं की घासाघीस करायचं बळ त्याच्यात राहत नाही. ‘हे गेलं तर पुन्हा मिळणार नाही’ या भीतीचेही पैसे तो मोजतो. यावर उपाय साधा आहे. वाद्य पाहायला निघण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहून ठेवायच्या: जास्तीत जास्त किती देणार, कोणते दोष चालतील आणि कोणता एक दोष दिसला तर परत फिरायचं. कागद खिशात असला की पेटी उघडल्यावर मन किती वाहवत जातं आहे ते मोजता येतं.

७. आपल्याला हवा तो आवाज कोणता?

आपल्याकडे मेंडोलिन घराघरांत पोचलं ते हिंदी चित्रपटसंगीतातून. संगीतकार सज्जाद हुसेन मेंडोलिनावर राग वाजवत. किशोर देसाईंचं मेंडोलिन मुंबईच्या स्टुडिओंत असंख्य गाण्यांत वाजलं. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर संगीतकार होण्याआधी मेंडोलिनवादक होते. दक्षिणेत यू. श्रीनिवास यांनी कर्नाटक संगीतासाठी आठ तारांचं वाद्य सोडून पाच तारांचं इलेक्ट्रिक मेंडोलिन घेतलं, कारण गमकं काढायला त्यांना वेगळी रचना हवी होती.

ब्लूग्रासमध्ये मेंडोलिन ठेका धरतं. वादक तारा छेडतो आणि लगेच बोटं सैल करून आवाज तोडतो. एफ-५चा झटकन उठणारा, करारी आवाज या कामाला चपखल बसतो. चित्रपटगीतात मेंडोलिन सलग थरथरत गातं, सुरावट लांबवतं. त्यासाठी गोड आणि रेंगाळणारा आवाज लागतो, आणि तो लंबगोल छिद्राच्या मेंडोलिनांत जास्त मिळतो.

एफ-५ची नक्षीदार कोपरे नसलेली भावंडं, म्हणजे गिब्सनची ए मालिका, याच कॅलामझूच्या कारखान्यात, त्याच काळात, तशाच कोरलेल्या फळ्यांची तयार होत होती. त्यांना लंबगोल छिद्र असतं. ती मुबलक तयार झाली, म्हणून आजही एफ-५च्या किमतीच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास मिळतात. जुन्या गाण्यांतलं थरथरतं मेंडोलिन ज्याच्या कानात बसलं आहे, त्याला हवा असलेला आवाज या साध्या वाद्यात मिळण्याची शक्यता अधिक आहे. एफ-५ची किंमत ब्लूग्रास वाजवणाऱ्यांच्या गरजेने वाढवली. ती गरज आपली नसेल तर तिचे पैसे आपण का भरावेत?

८. घेतल्यानंतर

परदेशातून वाद्य आणायचं तर ते कशाचं बनलं आहे हे आधी विचारावं. जुन्या इटालियन मेंडोलिनांवर कासवाच्या कवचाची पट्टी असते, काहींवर हस्तिदंताची सजावट असते. वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात हे पदार्थ येतात, तसंच ब्राझिलियन रोझवूडही येतं. परवान्याचे कागद नसतील तर वाद्य विमानतळावर अडकतं.

मग हवामान. जुन्या वाद्यांना ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबईच्या किंवा गोव्याच्या पावसाळ्यात ती ८० च्या पुढे जाते. लाकूड फुगतं, सरस नरम पडतो, तारा वर उचलल्या जातात. घट्ट बंद होणारी पेटी, तिच्यात आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र आणि ओलावा शोषणाऱ्या पुड्या एवढं तरी हवंच. कोकणातून देशावर हिवाळ्यात नेलेलं वाद्य उलट कोरडं पडून चिरतं, तेव्हा प्रवासानंतर पेटी एकदोन दिवस बंदच ठेवावी.

वाद्य हाती आलं की वाजवायच्या सोयीचे बदल खुशाल करावेत, पण काढलेली कोणतीही वस्तू फेकू नये. लोअरच्या काळातल्या काही मेंडोलिनांत फळीखाली एक लहानशी लाकडी चकती टांगलेली असे. न्यूयॉर्कच्या व्हिर्झी बंधूंची ती कल्पना होती. ती काढल्यावर आवाज मोकळा होतो असं वाटून कित्येक मालकांनी ती काढून टाकली, आणि पुढे वाद्य विकताना ती सापडेना. जुनी खुंटी, झिजलेली घोडी, तुटलेला स्क्रू, दुरुस्तीचं बिल, कोणाकडून कधी घेतलं त्याची पावती, सगळं एका पाकिटात घालून पेटीच्या कप्प्यात ठेवावं. वाद्य सुरात वाजत राहील ते आपल्यासाठी. हे पाकीट आपल्यानंतर ते घेणाऱ्याच्या कामाचं, कारण चिठ्ठीवर किती विश्वास ठेवायचा हे त्यालाही असंच ताडून पाहावं लागणार आहे.